वाचकांचे प्रश्न : वार, गज आणि तसू

लांबीच्या जुन्या मापांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेक वाराभोवती फिरणारी होती, म्हणून ती या अंकात एकत्र घेतली आहेत. एकसारखे प्रश्न जोडून टाकले आहेत.

वार आणि यार्ड एकच का? 'वार' हा शब्द मुळात आला कुठून? सोमवार-मंगळवारातल्या वाराशी त्याचं काही नातं आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

नातं नाही. तो वार संस्कृतातला, हा वेगळा.

कापडाच्या दुकानात किंवा प्लॉटच्या बोलण्यात आज आपण जो वार म्हणतो तो यार्डच. ३ फूट, म्हणजे ३६ इंच, म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर. यातलं 'नेमके' महत्त्वाचं आहे, ही पूर्णांकात आणलेली सोयीची संख्या नाही. १९५९ पासून वाराची व्याख्याच तशी आहे.

शब्दाचं मूळ मात्र इंग्रजीत शोधू नका. पोर्तुगिजांचं कापड मोजायचं एक माप होतं, 'वारा'. त्याची लांबी सुमारे १.१० मीटर, म्हणजे आपल्या आजच्या वारापेक्षा जवळजवळ वीतभर जास्त. मराठी, कोकणी, गुजराती या किनाऱ्यावरच्या भाषांतला 'वार' या पोर्तुगीज शब्दाशी जोडला जातो. स्पेनचा वारा आणखी निराळा, सुमारे ८३.६ सेंटिमीटरचा. स्पॅनिश लोकांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि टेक्सासमध्ये ३३ पूर्णांक एक तृतीयांश इंचांवर स्थिरावला. तिथल्या जुन्या जमिनीच्या कागदांत तो अजून भेटतो. नाव एक आणि लांब्या तीन, हा प्रकार पुढच्या प्रत्येक उत्तरात येणार आहे.

वारा म्हणजे पोर्तुगीजमध्ये काठी, छडी. जुन्या इंग्रजीतला 'यर्ड' हाही काठीच. फारसीतून आलेला गज म्हणजे मोजायची सळई, आणि मराठीत खिडकीला बसवतात ते गजच. संस्कृतात दंड. आपल्याकडे जमीन मोजायचं माप तर सरळ 'काठी' या नावाचंच होतं: पाच हात पाच मुठी लांब. अशा वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. हात, वीत, अंगुळ ही मापं अंगावरची. घरात, शेतात चालतात. पण दोन परक्या माणसांत व्यवहार सुरू झाला की कोणाचा हात धरायचा हा वाद येतो. मग एक काठी तोडून ठेवतात आणि मापाला तिचंच नाव पडतं.

इंग्लंडच्या राजाच्या नाकापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक यार्ड, असं शाळेत सांगितलं होतं. हे खरं आहे?
— एक शिक्षिका, रत्नागिरी

अर्धंमुर्धं. हा राजा म्हणजे पहिला हेन्री, कारकीर्द ११०० ते ११३५. त्याच्याच काळातला इतिहासकार विल्यम ऑफ माल्म्सबरी लिहितो की व्यापाऱ्यांची खोटी मापं राजाने आपल्या हाताच्या लांबीवरून दुरुस्त करून घेतली. या मजकुरात नाक कुठेच नाही, ते नंतरच्या सांगणाऱ्यांनी चिकटवलं. कापडवाले नाकापासून बोटापर्यंत कापड ताणून मोजतातच, तेव्हा गोष्ट पटायलाही सोपी होती. तशी मोजणी करून पाहिलीत तर तिच्यातली गोम कळेल: तोंड समोर ठेवलं की एक माप येतं, मान दुसऱ्या खांद्याकडे वळवली की तेच दोन-तीन इंचांनी वाढतं.

लेखी नियम सापडतो तो साधारण १३०० च्या आसपासचा. सुके, गोल असे बार्लीचे तीन दाणे म्हणजे एक इंच. बारा इंचांचा फूट. तीन फुटांचा वार. साडेपाच वारांची एक काठी. आणि चाळीस काठ्या लांब, चार काठ्या रुंद तो एकर. ही साडेपाच वारांची काठी लक्षात ठेवा, गुंठ्याच्या प्रश्नात ती परत लागेल. दाण्यांची कल्पना काही इंग्लंडचीच नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचं, म्हणजे जवाच्या दाण्यांचं, एक अंगुल आहे, बारा अंगुलांची वीत आणि चोवीस अंगुलांचा हात. फरक इतकाच की यवाची जाडी धरली आहे, लांबी नाही. त्याच ग्रंथात सुतारकामाचा हात बेचाळीस अंगुलांचा आणि कुरणं मोजायचा अठ्ठावीस अंगुलांचा. म्हणजे एकाच राज्यात, एकाच वेळी, कामागणिक वेगळा हात.

दाणे, हात वगैरे सांगायला ठीक. प्रत्यक्षात वार म्हणजे राजाच्या खजिन्यात ठेवलेली धातूची पट्टीच होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला १५८८ चा वार आजच्या वाराशी ताडला तर फरक इंचाच्या शंभराव्या हिश्शाइतकाच निघतो. तेव्हा वार काळाच्या ओघात फार भरकटला असं कोणी म्हणू नये. भरकटले ते गज.

खरी फजिती पुढे झाली. १८२४ च्या कायद्याने एक पितळी दांडी प्रमाण ठरवली. तिच्यावर सोन्याचे दोन ठिपके, ६२ अंश फॅरनहाइटला त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे एक वार. दांडी हरवलीच तर काय, याचाही विचार कायद्यात होता: लंडनमध्ये, समुद्रसपाटीला, निर्वात जागेत सेकंदाचा ठोका देणारा लंबक ३९.१३९३ इंचांचा असतो, त्यावरून ती नव्याने बनवायची. दहा वर्षांत ती वेळ आली. १६ ऑक्टोबर १८३४ ला ब्रिटिश संसदेच्या भट्टीत हिशेबाच्या जुन्या खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या जाळत असताना इमारतच पेटली आणि प्रमाण वार निकामी झाला. लंबकाकडे वळल्यावर कळलं की त्याच्या मोजणीत ज्या दुरुस्त्या धरल्या होत्या त्याच चुकीच्या आहेत. शेवटी जुन्या दांडीशी पूर्वी ताडून पाहिलेल्या दुसऱ्या पट्ट्या गोळा केल्या आणि त्यांवरून नवा वार तयार झाला. १८५५ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली.

ही नवी दांडी नीट पाहण्यासारखी आहे. कांस्याची, ३८ इंच लांब, एक इंच जाड, एक इंच रुंद. दोन्ही टोकांपासून एकेक इंच आत अर्धा इंच खोल भोक, आणि भोकाच्या तळाशी सोन्याची टिकली. वाराच्या रेघा या टिकल्यांवर कोरलेल्या. रेघा वरच्या पृष्ठभागावर का नाहीत? आधारावर ठेवलेली दांडी स्वतःच्या वजनाने किंचित वाकते. वाकली की वरची बाजू आणि खालची बाजू यांपैकी एक दाबली जाते, दुसरी ताणली जाते. जाडीच्या मधला थर मात्र लांबीने तसाच राहतो. टिकल्या बरोबर त्या थरात बसवल्या आहेत. एवढं करूनही पुढच्या शतकात ही दांडी हळूहळू आखडते आहे असं आढळलं. कमी अगदी सूक्ष्म, पण प्रमाणदांडीला ती परवडत नाही. शिवाय अमेरिकेने १८९३ पासून आपला वार मीटरवरून ठरवला होता, तो ब्रिटिश वारापेक्षा मिलिमीटरच्या काही हजारांशांनी मोठा होता. यंत्रांच्या अचूक भागांना हा फरक बोचायला लागल्यावर १९५९ मध्ये सहा इंग्रजीभाषी देशांनी इंच २५.४ मिलिमीटर आणि वार ०.९१४४ मीटर असं कायम केलं. तेव्हापासून वाराला स्वतःची दांडी नाही, तो मीटरचा आश्रित आहे.

आईसाठी ऑनलाइन नऊवारी मागवायची आहे. कुठे ८ मीटर लिहिलंय, कुठे ८.२५, कुठे ९. बरोबर कोणतं?
— एक वाचक, बंगळूर

९ वार म्हणजे ८.२३ मीटर. तेव्हा ८.२५ लिहिलेली साडी नावाला जागते. ८ मीटरची साडी २३ सेंटिमीटरनी, म्हणजे ९ इंचांनी, बरोबर एक वीत कमी. ९ मीटरची असेल तर ती जवळजवळ दहावारी झाली. बऱ्याचदा ९ हा आकडा लिहिणाऱ्याने वाराचा मीटर करून टाकलेला असतो आणि घरी येते ती आठ-सव्वाआठचीच. मागवण्याआधी 'नऊवारी का' असं विचारू नका, 'किती सेंटिमीटर' असं विचारा.

घरी आल्यावर मोजायची रीत: साडी टेबलावर किंवा सतरंजीवर सैल पसरा, ओढू नका. काठाजवळून एकदा आणि मधोमध एकदा मोजा. जरीचा किंवा जाड सुताचा काठ आखडून बसतो, त्यामुळे दोन्ही मापांत फरक पडतो. धरायचं ते लहान माप. पदराच्या दशा, गोंडे मोजायचे नाहीत. ब्लाउजपीस अंगाला जोडलेला आहे की लांबी त्याच्यासकट सांगितली आहे हे पाहा, कारण फसगत बहुतेक इथेच होते. सहावारीत तर हे रोजचंच: ५.५ मीटर साडी आणि ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस मिळून ६.३० मीटर, आणि ५.५ मीटर म्हणजे ६ वार. 'पाचवारी' म्हणून जी गोल साडी आपण ओळखतो तीही आता याच लांबीची येते, नाव तेवढं जुनं राहिलं आहे.

सुती साडी पहिल्या धुण्यात आटते. फक्त तीन टक्के आटली तरी नऊवारीचे २५ सेंटिमीटर जातात. म्हणजे ८ मीटरची साडी धुतल्यावर पावणेआठवर येते, आणि मग काष्टा घातला की निऱ्यांना कापड पुरत नाही. उंच व्यक्तीसाठी पन्हाही विचारा, लांबी वाढवून अपुऱ्या पन्ह्याची भरपाई होत नाही.

वाराचे मीटर तोंडी करायचे तर १२ वारांचे ११ मीटर धरा, तीनच सेंटिमीटरची चूक होते. मोठ्या मापाला ३५ वारांचे ३२ मीटर, इथे चूक अर्ध्या सेंटिमीटरचीसुद्धा नाही.

दुकानदार भाव वारावर सांगतो आणि मोजतो मीटरपट्टीने. हे कायद्यात बसतं का?
— एक वाचक, सोलापूर

नाही. भाव, जाहिरात, पावती सगळं मीटरमध्येच हवं. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापं आली, ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज चालतो तो २००९ चा वैध मापन कायदा, एप्रिल २०११ पासून. तुम्ही सांगता त्या प्रकारात तुमचं नुकसान नाही, उलट वारामागे साडेआठ सेंटिमीटर पदरात पडतात. उलटा प्रकार असेल तर सावध राहा: भाव मीटरचा आणि पट्टी छत्तीस इंची, म्हणजे १०० मीटरचे पैसे देऊन ९१ मीटर ४४ सेंटिमीटर कापड. धातूच्या मीटरपट्टीवर तपासणीचा शिक्का असतो आणि ती दर दोन वर्षांनी पडताळून घ्यावी लागते. पट्टीची टोकं झिजलेली किंवा वाकलेली असतील तर शिक्का असूनही मोजून मागा.

'तसूभरही हलला नाही' म्हणतो आपण. हा तसू किती?
— एक विद्यार्थी, सातारा

गजाचा चोविसावा भाग. मुंबई इलाख्यातला गज २७ इंचांचा, त्यामुळे तिथला तसू सव्वा इंचाला थोडा कमी: १ पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. सोळा तसूंचा हात (१८ इंच), दीड हाताचा गज. सुतार, गवंडी, पाथरवट यांची कामं गज-तसूतच चालत.

आजच्या कारागिराच्या तोंडी त्याऐवजी 'सूत' आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, ३.१७५ मिलिमीटर. म्हणून एक तसू बरोबर नऊ सूत भरतो. सळईवाल्याकडे 'तीन सूत' म्हटलं की १० मिलिमीटरची सळई मिळते, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६, सहा सूत म्हणजे २०. हे आकडे तंतोतंत जुळत नाहीत: तीन सूत खरे ९.५ मिलिमीटर, चार सूत १२.७. बांधकामाचा हिशेब करताना सुतावरून गुणाकार करू नका, आराखड्यातला मिलिमीटरचा आकडा घ्या. चार सुती म्हणून १२.७ धरून वजन काढलं तर प्रत्यक्षात येणाऱ्या १२ च्या सळईपेक्षा ते बारा टक्क्यांनी जास्त निघतं, कारण वजन जाडीच्या वर्गावर चालतं.

तेव्हा तसूभर हलणं म्हणजे चांगलंच हलणं. म्हण तशी ढिलीच आहे.

आमच्या वाड्याच्या जुन्या कागदात लांबी-रुंदी गजात आहे. दिल्लीतले नातेवाईक म्हणतात गज म्हणजे ३ फूट. त्या हिशेबाने मोजलं तर वाडा शेजाऱ्याच्या अंगणात जातो.
— एक वाचक, वाई

नातेवाईक आजच्या दिल्लीपुरते बरोबर आहेत. तिथे '२०० गज' म्हणजे २०० चौरस यार्ड, १८०० चौरस फूट. हैदराबादेतही तसंच. तुमच्या कागदातला गज मात्र तो असण्याचं कारण नाही. इंग्रजांनी नोंदलेल्या मापांत बंगालचा गज ३६ इंचांचा, मद्रासचा ३३ चा, मुंबईचा २७ चा. उत्तरेत अकबराने जो 'इलाही गज' काढला तो ४१ अंगुळांचा. त्याच्या आधी सिकंदर लोदीने गज आपल्या नाण्यांच्या रुंदीवरून ठरवला होता, साडेएकेचाळीस नाणी ओळीने मांडून. इलाही गज नेमका किती यावर इंग्रज अधिकाऱ्यांत बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी ३३ इंच धरला गेला. त्यात सोय होती: ६० गज लांब-रुंद बिघा त्यामुळे ५५ वार लांब-रुंद होतो, म्हणजे ३०२५ चौरस वार, आणि हे एकराचे बरोबर पाच अष्टमांश. हिशेब जुळतो म्हणून माप ठरलं, जुन्या सळया काही इतक्या शहाण्यासारख्या वागल्या नसणार.

वाड्यापुरतं शोधायची रीत अशी. कागदात असलेली आणि आजही जागेवर असलेली एखादी लांब गोष्ट निवडा. चौकाची बाजू उत्तम, दगडी जोत्याची लांबी चांगली, दाराची रुंदी नको कारण लहान मापात चूक मोठी दिसते. ती टेपने मोजा. कागदात १० गज लिहिलंय आणि टेप साडेबावीस फूट दाखवतो तर गज २७ इंची. साडेसत्तावीस फूट आले तर ३३ इंची, तीस आले तर यार्ड. उत्तर मधेच कुठेतरी आलं, समजा २५ फूट, तर आधी आपण कुठून मोजतोय ते तपासा: भिंतीच्या आतून की बाहेरून? जुन्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात, दोन्हींकडच्या मिळून चार फूट तिथेच जातात. निदान तीन ठिकाणी मोजून तिन्हींतून एकच गज निघाला तरच तो धरा. वाद मिटवायला हा पुरावा पुरेल असं नाही, मोजणीचा नकाशा आणि मिळकत पत्रिका यांचंच वजन जास्त. पण वकिलाकडे जाण्याआधी आपण किती पाण्यात आहोत ते कळेल.

क्षेत्रफळात ही चूक फार वाढते. १०० चौरस गज म्हणजे यार्डाने ९०० चौरस फूट, ३३ इंची गजाने ७५६, २७ इंची गजाने ५०६. आणि कागदात 'खण' असा शब्द असेल तर तो लांबीचा आकडा समजू नका. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, तो घरागणिक बदलतो.

गुंठा ३३ फुटांचाच का? ३० किंवा ३५ का नाही?
— एक शेतकरी, बारामती

कारण ३३ फूट म्हणजे ११ वार, आणि ११ वार म्हणजे त्या इंग्रजी साडेपाच वारांच्या काठ्या दोन. एकर १६० चौरस काठ्यांचा. दोन काठ्या लांब, दोन काठ्या रुंद तुकडा केला की तो चार चौरस काठ्यांचा होतो, आणि असे चाळीस तुकडे एका एकरात बसतात. तोच गुंठा: १०८९ चौरस फूट, १२१ चौरस वार, १०१.१७ चौरस मीटर.

मोजायला ३३ फुटांची शंकू साखळी वापरत. तिचे सोळा भाग, प्रत्येकाला नाव आणा, एक आणा २ फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टा म्हणजे क्षेत्राचाही एक आणा, ६८ चौरस फूट. साखळीवरचे आणे वाचले की गुंठ्याचे आणे आपोआप निघत, गुणाकार करायला नको. इंग्लंडमध्ये एडमंड गंटरने १६२० मध्ये काढलेली साखळी याच्या दुप्पट, ६६ फुटांची, शंभर कड्यांची. क्रिकेटची खेळपट्टी २२ वार लांब असते ती या गंटर साखळीइतकी. म्हणजे तुमच्या गुंठ्याची बाजू बरोबर निम्मी खेळपट्टी.

जागा घेताना चारी बाजू ३३ फूट भरल्या म्हणून गुंठा भरला असं समजू नका. कोपरे काटकोनात नसतील तर बाजू तेवढ्याच राहून जागा कमी होते. कर्ण मोजा: दोन्ही कर्ण ४६ फूट ८ इंच आले पाहिजेत. एक कर्ण ५० आणि दुसरा ४३ आला तर बारा-एक चौरस फूट गेले, ते सोडून देता येतील. एक ५५ आणि दुसरा साडेछत्तीस असेल तर ८५ चौरस फुटांच्या आसपास गेले, म्हणजे सव्वा आण्याहून जास्त. चारी बाजू वेगवेगळ्या असतील तर समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची पद्धत गावोगाव आहे. ती नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते, त्यामुळे विकणाऱ्याची लाडकी. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात या रीतीला 'स्थूल' म्हणून बाजूला ठेवलं होतं. एक कर्ण मोजून जागेचे दोन त्रिकोण करा आणि दोन्हींची क्षेत्रं बेरजेत घ्या. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजू नका, आडवा धरून पायऱ्यापायऱ्यांनी मोजा, कारण नोंद आडव्या मापाचीच होते.

सातबारावर गुंठा नाही, हेक्टर-आर आहे. आर १०० चौरस मीटरचा, गुंठ्यापेक्षा १२.६ चौरस फूट लहान. एक-दोन गुंठ्यांत कोणी बोलत नाही, पण ४० आरांना एक एकर धरून सौदा केलात तर जवळजवळ अर्धा गुंठा कमी मिळतो.

स्टीलच्या टेपचं पुढचं टोक सैल आहे, थोडं मागेपुढे होतं. बदलून घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

नको. ते मुद्दाम तसं असतं. टोकाची पट्टी स्वतःच्या जाडीइतकीच हलते. कडेला अडकवून ओढलं की बाहेर सरते, भिंतीला टेकवून दाबलं की आत जाते, त्यामुळे दोन्ही मापं बरोबर येतात. कोणी ठोकून ती पक्की केली तर दोनांपैकी एक माप कायमचं चुकतं. पट्टी जाडीपेक्षा जास्त हलायला लागली, किंवा टेप सुटा सोडून आपटल्याने वाकली, तर मात्र टेप गेला. अचूक काम असेल तर टोक सोडून १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि शेवटी १० वजा करा. वजा करायला विसरण्याचा प्रकार इतका होतो की सुतार हे शक्यतो टाळतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

लांब अंतराला उन्हाचाही हिशेब लागतो. पोलादी टेप २० अंश सेल्सिअसला बरोबर असतो. ३० मीटरचा टेप ४० अंशांना ७ मिलिमीटरनी वाढतो, आणि वाढलेला टेप अंतर कमी दाखवतो. शिंप्याच्या कापडी टेपचं कारण निराळं, तो वापराने ताणला जातो. वर्षातून एकदा पोलादी पट्टीशी ताडून पाहावा.

अमेरिकेत घर घेतोय. कागदात 'सर्व्हे फूट' असा शब्द आहे. हा फूट निराळा असतो का?
— एक वाचक, न्यू जर्सी

हो, म्हणण्यापुरता. १९५९ मध्ये नवा वार ठरला तेव्हा अमेरिकेच्या भूमापन खात्याने आपल्या जुन्या नोंदी बिघडू नयेत म्हणून १८९३ चा फूट मोजणीपुरता ठेवला: मीटरचे ३९३७ भाग केले तर त्यातले १२००. नव्या फुटापेक्षा तो दहा लाखांत दोन भागांनी मोठा. तुमच्या १०० फुटी प्लॉटमध्ये हा फरक केसाच्या जाडीइतका, त्यासाठी झोप घालवू नका. अडचण होते ती निर्देशांकांची. तिथे राज्यभराच्या जाळ्यात एखाद्या कोपऱ्याचं स्थान मूळ बिंदूपासून लाखो फुटांत लिहितात. २० लाख फुटांवर फूट चुकीचा धरला तर खूण ४ फूट सरकते, कुंपण शेजाऱ्याकडे जायला एवढं पुरे. सर्व्हे फूट ३१ डिसेंबर २०२२ ला अधिकृतपणे निवृत्त झाला, पण त्याआधीचे नकाशे त्यातच आहेत. मोजणीदाराला दोनच गोष्टी विचारा: जुन्या नकाशातले निर्देशांक कोणत्या फुटात आहेत, आणि त्याच्या यंत्रात कोणता फूट निवडला आहे.